जपून ठेवलेले कॅमेरे

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांचा खरा वैरी कोण, असं कुणी विचारलं तर मी कपाटाकडे बोट दाखवीन. पडून फुटलेले, पुरात सापडलेले, पोरांनी खेळायला घेऊन खिळखिळे केलेले कॅमेरे माझ्या टेबलावर येतात, नाही असं नाही. पण ते थोडे. बहुतेक येतात ते मऊ फडक्यात गुंडाळून, चामड्याच्या केसमध्ये बंद होऊन, अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन. आणणारा माणूस सांगतो, अगदी जपून ठेवला होता हो, कुणाला हात लावू दिला नाही, तरी बंद कसा पडला कळत नाही. कारण त्याच्याच वाक्यात असतं.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर डाय, जिग, फिक्श्चर. रात्री जेवणं झाली की आतल्या खोलीत कॅमेरे. हा माझा छंद आहे, धंदा नाही. काही सामान विकत आणावं लागलं तर तेवढेच पैसे घेतो. टूलरूमच्या माणसाला कॅमेरा लवकर आपलासा वाटतो, कारण आतलं सगळं ओळखीचं असतं. गिअर, कॅम, स्प्रिंग, खटका, सगळं तेच, फक्त मापाने लहान. १९५०-६० च्या दशकांतल्या बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरचा विजेशी संबंधच नसतो. लिव्हर ओढली की स्प्रिंगमध्ये ताण भरतो, बटण दाबलं की तो सुटतो आणि लेन्समधली पाती उघडून मिटतात. एक सेकंद, अर्धा, पाव असे धिमे वेग हवे असतील तर पात्यांच्या वाटेत एक चाकांची माळ येते आणि तिला अडवत-सोडत जाणारा एक छोटा खटका. शटर एक सेकंदावर लावून कान जवळ नेला तर जी सर्रर्र ऐकू येते, ती या माळेची.

कपाटात पहिला बळी जातो तो हिचा. चाकं रोज फिरत असतील तर त्यांच्यावरचं तेल पसरलेलं राहतं. ती वर्षानुवर्षं जागची हलली नाहीत तर तेल घट्ट होतं, नाहीतर ओघळून पात्यांवर येतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. मालक बटण दाबतो, काहीच घडत नाही, आणि तो म्हणतो कॅमेरा मेला. मी लायटरचं पेट्रोल घेतो, चिमट्याने कापसाचा बोळा धरून पाती पुसतो, चाकांची माळ धुऊन काढतो, आणि नव्याने तेल देताना सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, तेही फक्त चाकांच्या कण्यांना देतो. पाती कोरडीच हवीत. या खोलीत दुरुस्त झालेल्या कॅमेऱ्यांपैकी निम्म्यांहून जास्त कॅमेऱ्यांना एवढंच हवं होतं. नवा भाग एकही लागला नाही.

जुने कॅमेरे मला मिळतात ते पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो तो. बुधवार कामाचा वार असल्यामुळे मला रविवारच जमतो. तिथे कॅमेरा हातात आला की मी लेन्सच्या आधी स्क्रू बघतो. स्क्रूंची डोकी चावलेली दिसली की समजायचं, आधी कुणीतरी घाईने आत हात घातला आहे. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूवरची अधिकची खूण आपल्या नेहमीच्या पेचकसाला बसल्यासारखी वाटते, पण ती थोडी वेगळ्या मापाची असते. साधा पेचकस लावला की तो फिरताना वर चढतो आणि खाच गोल करून टाकतो. त्यासाठी जपानी मापाचे पेचकस वेगळे मिळतात, आणि या छंदात पहिला खर्च करायचा तो त्यांच्यावर. स्क्रू शाबूत असतील तर मग लेन्स उजेडाकडे धरायची, लिव्हर ओढून बघायची, बॅटरीचं झाकण नाण्याने उघडून आत हिरवं-पांढरं काही साचलंय का ते बघायचं.

कपाटाने काय होतं हे नीट समजून घ्यायचं असेल तर आग्फाचा आयझोलेट उघडावा. म्युनिकच्या कारखान्यात बनलेला हा घडीचा कॅमेरा. बंद केला की कोटाच्या खिशात जातो. बटण दाबलं की पुढचं दार खाली पडतं आणि भात्यासकट लेन्स बाहेर येते. १२० चा रोल, त्यावर ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो. जुन्या घरांची आवराआवर निघाली की यांतला एखादा हमखास सापडतो, आणि सापडतो तो जवळजवळ नेहमी एकाच रोगाने पछाडलेला.

या कॅमेऱ्यात अंतर जुळवताना सगळी लेन्स पुढे-मागे होत नाही, फक्त पुढची काच तिच्या पितळी चौकटीसकट फिरते. ती चौकट मधल्या काचेच्या चौकटीत आट्यांनी बसवलेली असते, आणि त्या आट्यांना कारखान्यात हिरवट रंगाचं वंगण लावलेलं असे. आज ते लाखेसारखं कडक झालेलं असतं. मालक कधीतरी हौसेने कॅमेरा काढतो, अंतराचं कडं फिरवू बघतो, ते हलत नाही, म्हणून जोर लावतो. मग कडं फिरतं खरं, पण मधली काचही सोबत फिरते, कारण दोन्ही चौकटी वंगणाने एकजीव झालेल्या असतात. आता कड्यावर दहा फूट लिहिलेलं दिसतं आणि लेन्स भलतंच अंतर पकडून बसते. फोटो धूसर येतात, आणि लेन्सच टाकाऊ होती असं घरात कायमचं ठरून जातं.

दुरुस्ती अवघड नाही, वेळखाऊ आहे. कड्याच्या कडेला तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल केले की कडं हातात येतं. मग दोन्ही काचा जोडीनेच आट्यांवरून काढायच्या. सांध्यात लायटरच्या पेट्रोलचे थेंब सोडायचे आणि ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी केस वाळवायच्या ड्रायरने गरम करायचं, रबराचा तुकडा धरून फिरवून बघायचं, नाही हललं तर पुन्हा थेंब. इथे पक्कड घेऊन पीळ देण्याचा मोह होतो आणि तो आवरावाच लागतो. पितळेच्या बारीक आट्या एकदा कापल्या गेल्या की त्यावर इलाज नाही. कधी एका रात्रीत सुटतं, कधी आठवडा जातो. सुटताना आधी कट् असा बारीक आवाज येतो, मग बोटांना जाणवतं की काहीतरी सरकलं. त्यानंतर पाव फेरा, अर्धा फेरा, मागे-पुढे, मागे-पुढे करत चौकट बाहेर येते आणि आट्यांमध्ये हिरवी भुकटी दिसते. कापसाने पुसत राहिलं तर कापूस बराच वेळ हिरवा होत राहतो. खालून पितळ जेव्हा पिवळंधमक निघतं तेव्हा होणारा आनंद मला कारखान्यात नवा डाय पहिल्या फटक्यात बरोबर निघाल्यावर होतो तेवढाच मोठा वाटतो.

आट्या साफ झाल्या म्हणजे काम झालं असं नाही. लेन्स पुन्हा अंतरावर बसवावी लागते. मागचं दार उघडून, फिल्म जिथे ताणून बसते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर घट्ट चिकटवतो, शटर उघडं ठेवतो आणि रात्री गच्चीवर जातो. लांबच्या टॉवरवरचा लाल दिवा त्या कागदावर उलटा दिसतो. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून पुढची काच केसभर फिरवत राहायचं. दिव्याचा ठिपका लहान होत जातो, अगदी लहान होतो, आणि पुढे फिरवलं की परत पसरायला लागतो. सगळ्यात लहान होता त्या जागी थांबायचं, कडं अनंत अंतराच्या खुणेवर ठेवून तीन स्क्रू आवळायचे. एवढ्या साध्या साधनांनी लेन्स अचूक बसते, कारण ती बसवायची सोय बनवणाऱ्यांनीच त्यात ठेवलेली होती. कुणीतरी कधीतरी हे उघडेल आणि पुन्हा जुळवेल, हे त्यांनी धरलं होतं.

आयझोलेटचा भाताही तपासावा लागतो. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरली की घड्यांच्या कोपऱ्यांत चांदण्या दिसतात. त्या काळच्या आग्फाच्या कॅमेऱ्यांचे भाते कृत्रिम द्रव्याचे, आणि घडी घालून वर्षानुवर्षं ठेवले की कोपऱ्यांत झिरपतात. त्याच काळातल्या झाइस आयकॉनच्या घडीच्या कॅमेऱ्यांचे चामडी भाते मात्र अजून धडधाकट सापडतात.

चामडं आत असलं तर चांगलं, बाहेर असलं तर वाईट, असं म्हणायची वेळ येते ती कोकणातल्या कॅमेऱ्यांमुळे. चिपळूणहून एक निवृत्त शिक्षक आले होते. माझा मावसभाऊ त्यांचा विद्यार्थी, त्याने त्यांना माझा पत्ता दिला. त्यांच्याकडे यशिका मॅट होता, वर-खाली दोन लेन्स असलेला, वरून डोकावून बघायचा कॅमेरा. शाळेची स्नेहसंमेलनं, सहली, विज्ञान प्रदर्शनं, सगळं त्यांनी त्यावर टिपलं होतं. केस नवी वाटावी अशी होती. बटणं काढली, कॅमेरा बाहेर घेतला, भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे धरला, तर दोन्ही लेन्समध्ये बुरशीची जाळी पसरलेली.

"सर, केस कधीपासून बंद आहे?"

"अरे, निवृत्त झालो तेव्हापासून. लोखंडी कपाटात, वरच्या खणात. तिथे मुलंसुद्धा हात लावत नाहीत."

मी त्यांना सांगितलं की हवेतली आर्द्रता ६०-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती त्याहून बरीच वर असते. चामडं ओल शोषून धरतं आणि बुरशीला खायलाही होतं. बंद केसमध्ये अंधार, ओल आणि अन्न, तिन्ही एकत्र. तिथून ती काचेवर येते, आणि काचेवर ती जे आम्ल सोडते ते लेन्सवरचा पातळ लेप खातं. बुरशी पुसता येते. तिने खाल्लेला लेप भरून येत नाही.

त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी की वरची लेन्स जास्त बिघडली होती. वरच्या लेन्समधून आपण फक्त बघतो, फोटो खालच्या लेन्समधून उमटतो. खालच्या लेन्सचे भाग सुटे केले, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सारख्या प्रमाणात घेऊन काचा पुसल्या. जाळी गेली. एका कोपऱ्यात धाग्याएवढ्या दोन खुणा राहिल्या.

"मग आता हा ठेवू कुठे?" सरांनी विचारलं.

"बाहेर ठेवा, सर. फडताळावर, हवेशीर. केस वेगळी ठेवा."

"धूळ बसेल की!"

"धूळ फुंकून जाते, सर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग रोल कुठे मिळतात ते त्यांनी विचारून कागदावर लिहून घेतलं. पुढच्या गणपतीनंतर त्यांनी धुवायला दिलेला रोल मी पाहिला. वाशिष्ठीच्या पुलावरचा एक फोटो त्यात होता, पाणी उतरल्यानंतरच्या चिखलाच्या रेघा काठावर स्पष्ट मोजता याव्यात इतका धारदार. त्या दोन खुणांचा मागमूस कुठेही नव्हता.

१९७० च्या आसपासच्या जपानी कॅमेऱ्यांना कपाटाखेरीज नुसता काळही गाठतो. मागच्या दारातून उजेड आत येऊ नये म्हणून खाचांमध्ये काळ्या फोमच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि आतला आरसा वर आपटतो तिथेही फोमचीच गादी असते. हा फोम वापरा किंवा वापरू नका, काळाने विरघळतोच. त्याचा डांबरासारखा चिकट काला होतो, बोटांना लागतो, आरशाला लागतो, फिल्मवरही जातो. आधीच्या पिढीतले कॅमेरे बनवणारे याच जागी लोकरीचा दोरा किंवा मखमल वापरत आणि ती अजून टिकून आहे. फोम स्वस्त होता आणि कापून चिकटवायला सोपा, म्हणून तो आला. हा निर्णय मला कधी पटला नाही. मी दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटने जुना काला काढतो आणि खाचेत काळी लोकर बसवतो. रविवार पेठेत लोकर घ्यायला गेलो तेव्हा दुकानातल्या मावशींनी स्वेटर कुणासाठी, म्हणून विचारलं. कॅमेऱ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी वेगवेगळ्या जाडीचे नमुने काढून दाखवले आणि पीळ कमी असलेली घ्या, दबून बसेल, असा सल्ला दिला. तो अगदी बरोबर निघाला.

यशिका इलेक्ट्रो ३५ मध्ये तर वाटाण्याहून लहान असा मऊ तुकडा सगळा कॅमेरा बंद पाडतो. हा कॅमेरा १९६६ मध्ये आला. तुम्ही फक्त झरोका किती उघडायचा ते ठरवा, वेग तो स्वतः ठरवतो, विजेवर. आत एक दांडी दर फोटोनंतर परत जागेवर येऊन त्या तुकड्यावर आपटते. तुकडा विरघळला की दांडी योग्य उंचीवर थांबत नाही, विजेचे संपर्क जुळत नाहीत आणि वेग भलतेच येतात. तपासायची खूण सोपी आहे: फोटो काढून लिव्हर ओढताना आतून 'टक' असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर वरचं झाकण काढायचं, तेवढाच रबराचा तुकडा कापून बसवायचा. या कॅमेऱ्याची मूळ पाऱ्याची बॅटरी ५.६ व्होल्टची होती; ती आता मिळत नाही. ६ व्होल्टची लहान बॅटरी घेऊन उरलेल्या जागेत स्प्रिंग बसवली की चालतं.

रशियन झेनिट आणि झोर्कीमध्ये लेन्समागे कापडी पडदे असतात. कपाटात त्यांच्यावरचं रबर ताठरतं आणि पडदा अर्ध्यात रेंगाळतो. यावर मी आधी काहीच उघडत नाही. संध्याकाळी बातम्या ऐकत बसलो की लिव्हर ओढ, बटण दाब, असं करत राहतो. बरेच पडदे एवढ्यानेच मोकळे होतात. एक पथ्य मात्र पाळायचं: आधी लिव्हर ओढायची, मगच वेग बदलायचा. झोर्कीसारख्या कॅमेऱ्यात उलट केलं तर आतली यंत्रणा मोडू शकते.

या सगळ्यांत एकच कॅमेरा असा की ज्याच्यात कपाटाला खायला फारसं काही नसतं: बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री. फोम नाही, बॅटरी नाही, चाकांची माळ नाही, वेग एकच. काच पुसली आणि शटरच्या पातीला कोरड्या ब्रशने झटकलं की तयार. कॉलेजातली मुलं "काका, फिल्मवर शिकायचंय" म्हणून येतात तेव्हा मी त्यांना हाच देतो. यात चूक झाली तर ती कुठे झाली हे मुलांना लगेच कळतं, कारण ठरवायच्या गोष्टीच दोन-तीन असतात. एका मुलीने कॅमेरा परत आणला तो पत्र्यावर पोचे पाडून, आणि सोबत लोणावळ्याच्या पावसाचे फोटो घेऊन. पोचे बघून मला बरं वाटलं.

हल्ली हेच कॅमेरे कॅफेच्या भिंतींवर खिळ्याला टांगलेले दिसतात. काहींच्या लेन्स काढून आत दिवे बसवलेले असतात. चालू स्थितीतला कॅमेरा असा वाया जाताना बघून मला मनापासून वाईट वाटतं. एका ठिकाणी मी मालकाला विनंती केली की निदान भात्यावर उन्हाची तिरीप येणार नाही अशा जागी तरी टांगा. त्यांनी ऐकलं, जागा बदलली, आणि हवा तर चालवून बघा म्हणून तो उतरवूनही दिला.

दुरुस्त कॅमेरा खरोखर दुरुस्त आहे का, हे फोनवरचं वेग मोजायचं ॲप पुरतं सांगत नाही. रोल सांगतो. कृष्णधवल रोल मी घरीच धुतो. त्यासाठीच्या डी-७६ या डेव्हलपरचं सूत्र जुनं आणि उघडं आहे: एक लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. द्रावण २० अंशांवर हवं. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम असतं, म्हणून बादलीत बर्फ टाकून डबा त्यात बुडवून ठेवतो. निगेटिव्ह वाळायला टांगली की ती वाचायची. दोन फोटोंमधली जागा कमी-जास्त झाली असेल तर फिल्म ओढणारं चाक घसरतंय. काळा पट्टा कडेच्या भोकांपर्यंत पसरला असेल तर उजेड मागच्या दारातून शिरलाय. पट्टा चौकटीच्या आतच थांबला असेल तर दोष भात्यात किंवा शटरमध्ये. आणि फिल्मवर चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोत वर दिसणारा डाग म्हणजे कॅमेऱ्याच्या खालच्या बाजूचं छिद्र. यातलं वेगाचं गणित मी फार ताणत नाही. टूलरूममध्ये मायक्रॉनसाठी भांडतो, पण पाचशेव्या भागाचा चारशेवा भाग झाला म्हणून निगेटिव्हचं काही बिघडत नाही. तेवढ्यासाठी धडधाकट शटर पुन्हा उघडणं मला चुकीचं वाटतं.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा कपाटात असा कॅमेरा असेल तर तो दुरुस्तीला देण्याआधी थोडं घरच्या घरी करता येईल. मागचं दार लगेच उघडू नका. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा असेल तर रोल गुंडाळायची कडी हलक्या हाताने फिरवा; ती अडली तर आत रोल आहे. बॅटरी काढून टाका, आणि जुन्या अल्कलाइन सेलचा क्षार साचला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. कुठलंही कडं जोर लावून फिरवू नका. शटर चालत असेल तर दर महिन्याला प्रत्येक वेगावर ते दोन-चारदा चालवा, रोल नसला तरी. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवलात तरी चालेल, पण निळे दाणे गुलाबी झाले की ते तव्यावर गरम करून पुन्हा निळे करायला विसरू नका. चामड्याची केस वेगळ्या खणात ठेवा. आणि ठेवताना लिव्हर ओढून ठेवू नका, स्प्रिंग सैल असू द्या.